मानवशास्त्र विभागाचं अध्यक्षपद हाती घेताना

विद्यापीठात विभागाध्यक्ष झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी हार मिळतात आणि दुसऱ्या दिवसापासून सहीसाठी फिरणाऱ्या नोटशीट. वाणिज्य किंवा गणित विभागात एवढ्यावर भागतं. मानवशास्त्राच्या अध्यक्षाकडे आणखी एक गोष्ट येते, आणि तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते: विभागाने आजवर लोकांकडून जे घेतलं त्याचं देणं. मापं घेतली, रक्ताचे थेंब घेतले, वंशावळी लिहून घेतल्या, लग्नाची गाणी टेपवर उतरवली, फोटो काढले, त्यांच्या शाळेत आठ-दहा दिवस मुक्काम ठोकला. ज्यांच्याकडून हे घेतलं ती गावं तिथेच आहेत आणि तुमचे विद्यार्थी पुन्हा तिथेच जाणार आहेत.

मी ग्वाल्हेरचा, लश्कर भागातला. त्यामुळे इथले नियम मध्य प्रदेशातल्या शासकीय विद्यापीठांचे आणि क्षेत्रकार्याची उदाहरणं बहुतेक सहरिया या आदिवासी जमातीची आहेत. वडोदऱ्याच्या वाचकाने तिथे राठवा वाचावं, इंदूरच्या वाचकाने भिल-भिलाला.

आदेश हातात येण्याआधी

नाव ठरल्याची कुणकुण आणि प्रत्यक्ष आदेश यांच्यात सहसा थोडा अवधी मिळतो. तो अभिनंदनाचे फोन घेण्यात घालवू नका. मध्य प्रदेश विश्वविद्यालय अधिनियम 1973 आणि तुमच्या विद्यापीठाचे अध्यादेश काढून बसा. सगळं वाचायची गरज नाही. चार गोष्टी शोधा: अध्यक्षाला स्वतःच्या सहीने किती रुपयांपर्यंत खर्च करता येतो, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अध्ययन मंडळाचा अध्यक्ष तोच असतो की वेगळा, रजा कोण मंजूर करतं, आणि क्षेत्रकार्याच्या शिबिरासाठी अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, कोणाच्या नावाने निघतं. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण अग्रिम तुमच्या नावावर निघालं तर त्याचं समायोजन होईपर्यंत ते तुमच्याच डोक्यावर राहतं, निवृत्तीनंतरसुद्धा.

मग मागच्या तीन वर्षांची बैठकांची कार्यवृत्तं आणि ऑडिटचे आक्षेप वाचा. त्यातही आक्षेप आधी. कार्यवृत्तात विभागाला जे दाखवायचं असतं ते लिहिलेलं असतं, आक्षेपात उरलेलं.

मावळत्या अध्यक्षांना भेटायला त्यांच्या खोलीत किंवा घरी जा, त्यांना बोलावून घेऊ नका. विचारायचं ते असं: तोंडी आश्वासनं कोणाला दिली आहेत? कोणती बिलं अडकली आहेत? कोणत्या विद्यार्थ्याचा प्रबंध कुठे थांबला आहे? आणि कोणत्या गावात आपण आता जाऊ शकत नाही, का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस बहुधा क्षणभर गप्प होतो आणि मग सगळ्यात उपयोगाची माहिती देतो. कुठे कोणा विद्यार्थ्याने दारू पिऊन गोंधळ घातलेला असतो, कुठे पैसे द्यायचे राहिलेले असतात, कुठे रक्ताचे नमुने नेले आणि निकाल कधी सांगितलाच नाही. मावळते अध्यक्ष तुमच्याशी बोलत नसतील (असं होतं, विशेषतः पद ज्येष्ठतेच्या वादातून तुमच्याकडे आलं असेल तर), तर हेच प्रश्न कार्यालयातल्या बाबूंना आणि प्रयोगशाळेच्या परिचराला विचारा. किल्ल्या कुठे आहेत हे कुलगुरूंना माहीत नसतं, परिचराला असतं.

प्रभाराचा दिवस

प्रभार घेताना मिळणाऱ्या साहित्याच्या यादीवर ‘सर्व साहित्य प्राप्त’ असं लिहून सही करू नका. ‘भौतिक सत्यापनाच्या अधीन राहून’, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष तपासून पाहण्याच्या अटीवर, असं लिहा, खाली तारीख घाला, आणि त्याच दिवशी कुलसचिवांना सत्यापन समितीसाठी पत्र द्या. पत्राचा जावक क्रमांक वहीत टिपून ठेवा. यात कोणावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. मानवशास्त्राच्या विभागात अशा वस्तू असतात की त्यांचं नावही लेखा शाखेला नीट माहीत नसतं, आणि एखादी हरवल्याचं कळतं तेव्हा तीन अध्यक्ष बदललेले असतात.

उपकरणं एकेक करून टेबलावर काढा. मार्टिनचा मानवमितीमापक जोडून बघा. त्याच्या नळ्यांपैकी एखादा तुकडा नसणं ही जुनी गोष्ट आहे, आणि एक तुकडा नसला की उंची मोजता येत नाही. सरकते आणि पसरते कॅलिपर (अंतर मोजायचे चिमटे) शून्यावर मिळतात का पाहा. त्वचेच्या घडीचा कॅलिपर असेल तर त्याची स्प्रिंग सैल पडली आहे का हे तपासा, नाहीतर त्यावरून काढलेले पोषणाचे सगळे आकडे खोटे ठरतात. रक्तगटाचे अँटिसेरा (रक्तगट ओळखायची द्रावणं) 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागतात. विभागाचा फ्रिज उन्हाळ्याच्या सुटीत वीज गेल्यावर किती वेळ बंद होता, हे कोणी सांगू शकत नसेल तर बाटल्यांची मुदत न बघताच त्या बाद धरा. जे मोडलं आहे त्याची अपलेखनाची, म्हणजे नोंदीतून बाद करायची, नस्ती पहिल्या महिन्यातच चालवा. ती हलायला वर्ष लागतं, आणि जुनं बाद झाल्याशिवाय नव्याची मागणी पुढे सरकत नाही.

कपाटातली माणसं

हाडांचं काम इतर साहित्याबरोबर उरकू नका. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

वैद्यकीय शिक्षणासाठी जगभर सांगाडे पुरवणारा मुख्य देश बराच काळ भारत होता आणि त्या व्यापाराचं केंद्र कोलकाता. 1985मध्ये केंद्र सरकारने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. देशातल्या विभागांमध्ये कवट्या आणि लांब हाडांचे जे जुने संच आहेत, त्यांतले पुष्कळसे अशाच बाजारातून आलेले. बिल सापडलं तरी त्यावर दुकानदाराचं नाव असतं. ज्याची कवटी आहे त्याचं कुठेच नसतं. तो माणूस गरीब होता आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं, एवढं मात्र बहुतेक वेळा खात्रीने धरता येतं.

एक वेगळी वही करा. प्रत्येक पेटीला क्रमांक द्या, आणि पुढे लिहा: काय आहे, कुठून आलं, केव्हा, जुन्या रजिस्टरच्या कोणत्या पानावर. जिथे कळत नाही तिथे ‘माहीत नाही’ लिहा. रकाना कोरा ठेवला तर पुढचा माणूस समजेल की बघायचं राहून गेलं. कपाटाला कुलूप लावा, किल्लीची सही-वही ठेवा. टेबलावर शोभेला ठेवलेली कवटी आत जाऊ द्या. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगा की हाडांबरोबर फोटो काढायचा नाही आणि तो कुठे टाकायचा तर मुळीच नाही. पाहुणे आले की हौसेने कवट्या मांडून ठेवायची एक पद्धत आहे, ती मोडा. ओळख करून देण्यापुरतं शिकवणं प्लास्टरच्या किंवा राळेच्या प्रतिकृतींवर होतं. कवटीच्या शिवणींचं जुळणं किंवा दातांची झीज दाखवायची असेल तेव्हाच मूळ हाड काढा.

एखाद्या पेटीवर गावाचं, जमातीचं किंवा स्मशानाचं नाव सापडलं तर मामला बदलतो. त्या पेटीवरचं सगळं काम थांबवा, कुलसचिवांना आणि नैतिकता समितीला लेखी कळवा आणि त्या समाजाशी बोलायची तयारी करा. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने 2020मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले आणि नागा समाजाचे लोक आपल्या पूर्वजांचे अवशेष परत आणण्यासाठी त्या संग्रहालयाशी बोलत आहेत. आपल्याकडे असा प्रश्न अजून कोणी विचारला नसेल, पण तो विचारला जाईल तेव्हा उत्तर देणारं पान विभागात असायला हवं.

कोणी शेतात किंवा पाया खणताना मिळालेली हाडं थेट विभागात घेऊन आला तर उत्सुकतेपोटी हात लावू नका. आधी पोलीस ठाण्याला कळवा. ती शंभर वर्षांची आहेत की मागच्या वर्षीची, हे ठरवायला पोलीस नंतर तुम्हालाच बोलावतील, पण क्रम तोच राहू द्या. दगडी हत्यारांचंही असंच. मुरैना जिल्ह्यात पहाडगढजवळच्या लिखीछाजसारख्या शैलचित्रांच्या जागी सहल जाते आणि मुलं सूक्ष्मास्त्रं (दगडाची बारीक हत्यारं) खिशात घालून येतात. जागेची नोंद नसलेलं हत्यार हा नुसता गोटा. खणायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीतून काहीही उचलायचं नसतं.

राहिले फोटो, निगेटिव्ह, कॅसेट आणि जुन्या क्षेत्रडायऱ्या. हे लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतं आणि वाळवी आधी तिथेच लागते. गावानुसार लावा, स्कॅन करा, आणि मग त्याच्या छापील प्रती त्या गावात परत पाठवायचं ठरवा. खर्च किरकोळ आहे. विभागाच्या हातून होण्यासारखं हे सगळ्यात सोपं देणं, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

सहकारी

बाहेरच्यांना मानवशास्त्र हा एक विषय वाटतो. आत कवट्या आणि जनुकं मोजणारे असतात, नातेसंबंध आणि विधी अभ्यासणारे असतात, प्रागैतिहासिकवाले असतात, आणि नशीब असेल तर एखादा भाषिक मानवशास्त्रज्ञ. प्रत्येकाला मनातून वाटतं की उरलेल्यांचं काम खरं मानवशास्त्र नव्हे. अध्यक्ष यांपैकी एकाच गटातला असतो, म्हणून उरलेले पहिल्या दिवसापासून हिशोब ठेवतात: प्रयोगशाळेला किती, गाडीला किती.

पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाशी वेगळं बसा. बैठक नंतर. बोलताना मत विचारण्यापेक्षा काम विचारा: सध्या काय लिहिता आहात, कशामुळे अडलं आहे, या सत्रात कोणता पेपर नको आहे. ज्यांची सेवा संपत आली आहे त्यांना आणखी एक प्रश्न: तुमच्या क्षेत्रातली कागदपत्रं कुठे ठेवायची आहेत? नाहीतर ती मुलगा परदेशी गेल्यावर रद्दीत जातात. तुमचे स्वतःचे मार्गदर्शक विभागात असतील तर पदाने ते तुमच्या हाताखाली आले, तरी शिपायाकरवी त्यांना निरोप पाठवू नका. उठा आणि त्यांच्या खोलीत जा.

ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मराठी मंडळींसाठी एक आगाऊ सल्ला. विभागात दुसरा मराठी माणूस असेल तर त्याच्याशी बैठकीत मराठीत बोलू नका. विषय डब्यातल्या थालीपिठाचा असला तरी समोरच्यांना वाटतं की त्यांची बदली ठरते आहे. ग्वाल्हेरला ढोलीबुवांच्या मठात भेटाल तेव्हा हवं तेवढं बोला.

कार्यभार वाटताना नियम समोर ठेवा म्हणजे तोंडं वाकडी होत नाहीत. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी आणि प्राध्यापकाला 14, आणि प्रशासनाचं काम करणाऱ्याला 2 तासांची सूट देता येते. ही सूट स्वतः घ्या. ‘मी अध्यक्ष असूनही पूर्ण तास घेतो’ ही फुशारकी दिवाळीपर्यंत टिकते, नंतर तास बुडतात. प्रात्यक्षिकाचे तास मोजताना जैविकवाले आणि सामाजिकवाले हमखास भांडतात, म्हणून श्रेयांकाचं (क्रेडिटचं) गणित फळ्यावर लिहा: 15 तास व्याख्यान म्हणजे 1 श्रेयांक, 30 तास प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्य म्हणजे 1 श्रेयांक.

आणि अतिथि विद्वान, म्हणजे तात्पुरते नेमलेले शिक्षक. विभागाचा बराच भार त्यांच्यावर असतो, पण त्यांचं नाव पाटीवर नसतं आणि मानधन घेतलेल्या तासांवर बेतलेलं असतं. शिबिरामुळे वर्ग बंद राहिले की त्यांचे पैसे बुडतात, म्हणून शिबिरातल्या कामाची लेखी ड्यूटी त्यांच्या नावे आधीच काढा. त्यांच्या हजेरीपत्रकावर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सही करा, दुसऱ्या कुठल्याही कागदाआधी. तुमची सही दोन दिवस लांबली की लेखा शाखेत पंधरा दिवस लांबतात.

शिबिर

अध्यक्षाची खरी परीक्षा क्षेत्रकार्य शिबिरात असते. त्यासाठी जुलैपासून तयारी लागते.

आधी महिना ठरवा, आणि तो विद्यापीठाचं कॅलेंडर बघून ठरवू नका. सहरिया कुटुंबं होळीच्या सुमारास गहू-मोहरीच्या कापणीला बाहेर पडतात, ज्याला इकडे ‘चैत करायला जाणं’ म्हणतात. तेव्हा वस्तीत म्हातारी माणसं आणि लहान मुलं उरतात. मोहाची फुलं वेचायचे दिवसही तेच. मे महिन्यात तेंदूपत्ता असतो आणि वर ग्वाल्हेर-श्योपूरचं ऊन. पावसात वाटा बंद. म्हणजे उरतो तो दिवाळीनंतरचा पंधरवडा, सत्र परीक्षेच्या तोंडावर. परीक्षा विभागाला ऑगस्टमध्येच पत्र देऊन तो मोकळा करून घ्या. आणखी एक खबरदारी: राज्याच्या विधानसभा निवडणुका 2013, 2018 आणि 2023 अशा तिन्ही वेळा नोव्हेंबरातच झाल्या. त्या वर्षी शाळा मतदान केंद्र असते, जिल्हाधिकारी कार्यालयात पत्राला उत्तर मिळत नाही, आणि वही घेऊन घरोघर फिरणारा प्रत्येक जण पक्षाचा माणूस वाटतो. 2028चं शिबिर आधी किंवा नंतर घ्या.

मग गाव. जवळ म्हणून दरवर्षी घाटीगाव, ही सवय सोडा. सहरिया ही बैगा आणि भारिया यांच्याबरोबर मध्य प्रदेशातली विशेष मागास जनजाती. त्यांच्या वस्तीत क्षयरोगाचं प्रमाण राज्याच्या आणि देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी पट आढळल्यामुळे सर्वेक्षणं सतत चालू असतात, त्यात 15 नोव्हेंबर 2023ला पीएम-जनमन ही अशाच जनजातींसाठीची केंद्राची योजना सुरू झाल्यापासून आणखी फॉर्म आले. कुनो राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती तर जपूनच. तिथली 24 गावं गीरच्या सिंहांसाठी उठवली. सिंह द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने 2013मध्ये सांगितलं, तरी ते आले नाहीत. 17 सप्टेंबर 2022ला चित्ते आले. ज्या लोकांनी इतके आराखडे पाहिले त्यांच्यासमोर एम.ए.च्या मुलीने पाच पानी प्रश्नावली उघडली तर तिला काय ऐकावं लागेल, याचा विचार अध्यक्षाने करायचा, तिने नव्हे.

निवडलेल्या गावाला विद्यार्थ्यांआधी तुम्ही जा, एका सहकाऱ्याला घेऊन. सहरियांची वस्ती, म्हणजे सहराना, मुख्य गावापासून थोडी वेगळी असते आणि मध्ये ‘बंगला’ नावाची सामायिक बसायची जागा असते. तिथे बसा, पटेल (वस्तीचा मुखिया) आणि चार म्हातारे-बायका येऊ द्या. काय करणार, किती दिवस, मुलं किती, काय विचारणार, काय विचारणार नाही, हे सांगा. पैसे किंवा योजना आणणार नाही, हेही स्पष्ट सांगा, कारण सरकारी गाडीतून उतरणाऱ्याकडून तीच अपेक्षा असते. लोकांनी नको म्हटलं तर दुसरं गाव शोधा. श्योपूर जिल्ह्यातली कराहल तहसील राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येते आणि अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारे राज्याचे पेसा नियम 2022पासून लागू आहेत. तिथे ग्रामसभेपुढे विषय ठेवणं हाच सभ्य मार्ग.

मुक्काम कुठे, यावर शिबिर बनतं किंवा बिघडतं. मुख्य गावातल्या मोठ्या घराचा वाडा आग्रहाने देऊ केला जाईल, पंखा आणि संडाससकट. घेऊ नका. त्या अंगणात सहराना पाय ठेवणार नाही, आणि विद्यार्थी आठ दिवस फक्त वाड्याची बाजू ऐकतील. सहरान्याजवळची शाळा किंवा जनजातीय कार्य विभागाचं छात्रावास बघा. स्वयंपाकाला आणि पाण्याला सहरान्यातलीच माणसं घ्या. निघण्याआधी विद्यार्थ्यांशी जातीबद्दल उघड बोला: कोणाच्या घरचा चहा नाकारणारा विद्यार्थी शिबिरात येणार नाही. हे वर्गात बोलायला अवघड जातं. गावात जाऊन निस्तरण्यापेक्षा सोपं आहे.

पत्रं: जिल्हाधिकारी, जनजातीय कार्य विभाग, ठाणं, जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि अभयारण्य किंवा राखीव जंगल जवळ असेल तर वनमंडलाधिकारी. एकाच मसुद्यावर सगळी निघतात.

पैशाची अडचण अशी की गावात पक्कं बिल मिळत नाही. लाकूड, दूध, भाजी, स्वयंपाकिणीची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं यांतल्या कशालाही जीएसटी क्रमांक नसतो. परतल्यावर लेखा शाखेशी वाद घालण्याऐवजी सप्टेंबरात त्यांच्याकडूनच लेखी घ्या की मजुरीसाठी मस्टर चालेल का, किती रकमेपर्यंत अध्यक्षाचं प्रमाणपत्र चालेल. आणि मजुरी रोजच्या रोज द्या. विद्यापीठाकडून आल्यावर देतो, असं सांगितलं की तिथे ते न देण्यासारखंच ऐकू येतं.

सुरक्षितता. महिला शिक्षक सोबत असल्याशिवाय शिबिर निघत नाही, यावर तडजोड नको. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2015च्या नियमांत ‘परिसर’ या शब्दात अभ्यासदौरे, शिबिराच्या जागा आणि प्रवासाची वाहनंही येतात, म्हणजे सहरान्यात घडलेली गोष्ट विद्यापीठाच्या अंतर्गत समितीच्या कक्षेत आहे. समितीचा क्रमांक प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. सर्पदंशावरचं प्रतिविष नेमकं कोणत्या दवाखान्यात आहे हे फोन करून विचारा. फलकावर विश्वास ठेवू नका.

शरीराला हात लागेल किंवा रक्त काढलं जाईल असं काहीही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीकडून मंजूर झाल्याशिवाय होणार नाही, सरावासाठीसुद्धा नाही. संमती समजेल अशा बोलीत घ्यायची आणि वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना गावातला साक्षीदार हवा. हिमोग्लोबिन तपासणार असाल तर खूप कमी निघालेल्या बाईला कुठे पाठवायचं, कोणत्या गाडीने, हे आदल्या दिवशी ठरलेलं असलं पाहिजे. आकडा टिपून पुढच्या घरी जाणं हा गुन्हा मानावा असं माझं मत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी तर विभागाने स्वतःच्या हौसेने करूच नये. 1 जुलै 2023ला शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू झालं आहे, त्यांच्याबरोबर काम करा. निकाल फक्त त्या माणसाला सांगा, पटेलालाही नाही, कारण त्यावरून मुलींची लग्नं अडतात.

शेवटच्या संध्याकाळी बंगल्यावर बसून काय काय लिहून घेतलं ते हिंदीत वाचून दाखवा. लोक दुरुस्त्या सांगतात, आणि त्या दुरुस्त्या कित्येकदा अहवालातल्या सगळ्यात चांगल्या नोंदी ठरतात. अहवाल तयार झाला की दोन पानी गोषवारा आणि फोटोंच्या प्रती घेऊन कोणीतरी परत जायचं. हे काम मूल्यमापनात घातलं नाही तर होत नाही, म्हणून अध्यादेशातच लिहा: शिबिराच्या गुणांपैकी काही गुण परतीच्या भेटीचे.

अभ्यासक्रम

पहिल्याच वर्षी सगळा बदलायला जाऊ नका, अध्ययन मंडळात अडकाल. एकच जागा पकडा. बहुतेक ठिकाणी हर्बर्ट रिझली आणि बी. एस. गुहा या अभ्यासकांनी केलेली भारतीय लोकसंख्येची वांशिक वर्गीकरणं अजून ‘माहिती’ म्हणून शिकवली जातात. नागरी सेवा परीक्षेला मानवशास्त्र घेणारी मुलं ती पाठ करतात. ती इतिहास म्हणून शिकवा: कोणी, कशासाठी, कोणत्या जनगणनेच्या वेळी. सोबत इरावती कर्वे ठेवा. 1920च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला जर्मन मानवशास्त्रज्ञ यूजेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असमतेवर काम करत होत्या. फिशर यांना त्या मापांतून वंशावंशांतला फरक दिसायला हवा होता. इरावतीबाईंना तो दिसला नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. पुढे याच बाईंनी गुजरातेतल्या लांघणजला पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या उत्खननात मिळालेल्या सांगाड्यांवर काम केलं आणि भारतातल्या नातेव्यवस्थेवरही. जैविक आणि सामाजिक गटांचं भांडण पेटलं की हा दाखला कामी येतो.

दुसरी भर सोपी आहे. 1871चा गुन्हेगार जमाती कायदा आणि 1952मध्ये तो रद्द झाल्यानंतरही राहिलेला शिक्का. ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात मोघिया, कंजर, बेडिया ही सगळी माणसं बसस्टँडवर भेटतात. पुस्तकात आफ्रिकेतले नुएर आधी भेटतात.

पीएच.डी. आणि मूल्यांकन

आयोगाच्या 2022च्या पीएच.डी. नियमांनी मार्गदर्शकाला एका वेळी किती विद्यार्थी हे ठरवून दिलं आहे: प्राध्यापक 8, सहयोगी 6, सहायक 4. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्रवेशाची जाहिरात निघण्याआधी हा तक्ता करा, नाहीतर मुलाखतीत निवडलेल्या मुलीला मार्गदर्शक नाही असं सांगायची वेळ येते. सल्लागार समितीसमोर दर सत्राला सादरीकरण होतं का ते पाहा. जे विद्यार्थी क्षेत्रावरून परतून वर्ष झालं तरी लिहीत नाहीत त्यांना नोटीस देऊ नका, चहाला बोलवा. बहुतेकदा घरची अडचण किंवा मार्गदर्शकाची भीती असते.

नॅक या विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठीचं काम संपत नाही. एका तरुण सहकाऱ्याकडे एक फोल्डर द्या, प्रत्येक कार्यक्रमाचा कागद त्याच आठवड्यात तिथे गेला पाहिजे, एवढा एक नियम पुरे.

पद सोडताना

अध्यक्षपद फिरतं असतं, म्हणून उत्तराधिकाऱ्यासाठीची टिप्पणी पहिल्या वर्षापासूनच लिहीत राहा. तिचे दोन भाग करा. पहिल्या भागात विभागाचं येणं: अडकलेली बिलं, मंजूर पण न भरलेली पदं, चालू प्रकल्पांची उपयोगिता प्रमाणपत्रं. दुसऱ्या भागात देणं, गावानुसार: कुठे फोटो पोचवायचे राहिले, कुठे अहवाल वाचून दाखवायचा आहे, कोणाच्या घरची वंशावळ आपल्या कपाटात आहे, हाडांच्या वहीत किती ठिकाणी ‘माहीत नाही’ आहे, कोणत्या गावात पुढची काही वर्षं जाऊ नये आणि का. दुसरा भाग पहिल्यापेक्षा लांब झाला तर तसाच राहू द्या. दोन प्रती काढा. एक कुलसचिव कार्यालयात जावक करून तिचा क्रमांक घ्या, दुसरी नव्या अध्यक्षांच्या हातात द्या, आणि त्यांना घेऊन एकदा सहरान्यात जाऊन या.